शील आणि अभ्यास : ॲरिस्टॉटलचा विचार

सद्गुण म्हणजे ज्ञानच, असे सॉक्रेटीस मानी. हित कशात आहे हे ज्यास खरोखर उमगले, तो जाणूनबुजून वाईट करणारच नाही, असा त्याचा आग्रह. इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा पेला घेईपर्यंत त्याचे स्वतःचे आचरण या मतास शोभणारेच होते. परंतु सगळेच काही सॉक्रेटीस नसतात!

कळते पण वळत नाही, अशा मनुष्याचा विचार ॲरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४–३२२) आपल्या नीतिशास्त्रात सविस्तर केला आहे. मद्याच्या अमलाखालीही एम्पेडोक्लीझची कवने म्हणणारे लोक असतात. शब्द मुखी येतात, अर्थ जागा नसतो. विकारवश माणसाचे नीतिज्ञान हे असेच. दाखला मोठा बोचरा आहे. पाठ झालेले अंगी मुरावयास काळ लागतो.

घरे बांधूनच गवंडी तयार होतो. न्याय्य कृत्ये करीत करीतच मनुष्य न्यायी होतो. सवय आणि शील यांचे ग्रीक शब्द जवळजवळ एकच आहेत. भेद आद्य स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा. मात्र वाद्य वाजवूनच उत्तम वादक घडतो, तसा वाईट वादकही वाजवूनच घडतो. म्हणून बाळपणी लागणाऱ्या वळणावरच सारे अवलंबून आहे, असे तो म्हणतो.