आधी वाट, मग बूट



कवठे महांकाळहून दंडोबाच्या डोंगरावर निघालात,
किंवा कुकटोळीच्या गिरलिंगावर,
तर पायांत काय घालाल?

आधी वाट बघा.
मग बूट निवडा.

आपल्याकडची वाट कोरडी, मुरमाड.
चढताना फारसा त्रास नाही.
उतरताना मात्र सुटे खडे पायाखालून निसटतात.
म्हणून बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात.
तळ जाडही हवा.
बाभळीचा काटा पातळ तळातून थेट पायात शिरतो.
घोटा झाकणारा जड बूट इतक्या छोट्या चढाला लागतोच असं नाही.

पावसाळ्यात साताऱ्याच्या घाटमाथ्यावर गेलात, की सगळंच बदलतं.
तिथं काळा कातळ भिजलेला.
त्यावर शेवाळ.
कडक तळ घसरतो.
मऊ रबराचा तळ कातळ धरून ठेवतो.
तरी शेवाळावर कुठल्याच बुटाचा भरवसा धरू नका.
ओढे ओलांडायचे असतील, तर जाळीचा बूट बरा.
पाणी आत येतं, तसं निघूनही जातं.

पुन्हा सांगते,
आधी वाट, मग बूट.

खरेदीला संध्याकाळी जा.
दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.
जाड मोजे घालूनच बूट चढवा.
दुकानाची पायरी उतरून बघा.
अंगठा पुढं टेकला, तर तो बूट घेऊ नका,
कितीही स्वस्त मिळो.
उतारावर नख काळंनिळं होतं.

आणि घरात वर्षानुवर्षं पडून असलेले बूट
निघण्याआधी वाकवून बघा.
गोंद सुकलेला असला,
तर तळ वाटेतच सुटतो.