होल्मेनकोलनची टेकडी

उतारावरून घसरत जाणें हा आपल्याकडे मुलांच्या खोडकरपणाचा प्रकार समजला जातो, व त्यापायीं फाटलेल्या विजारीबद्दल घरीं बोलणीं खावीं लागतात. उत्तरेकडील नॉर्वे देशांत तोच खेळ एका राष्ट्राच्या अभिमानाचा विषय होऊन बसला आहे. आणि त्या अभिमानाचें मुख्य ठाणें म्हणजे राजधानी ओस्लोच्या पाठीशीं उभी असलेली होल्मेनकोलनची टेकडी. शहरांतून वर पाहिलें असतां अरण्याच्या काळसर हिरव्या रेषेवर एक पोलादी वांकण आकाशांत गेलेलें दिसतें. तोच तो सुप्रसिद्ध उडीचा मनोरा.

ज्या देशांत वर्षाचे कित्येक महिने वाटा बर्फाखालीं गाडल्या जातात, तेथें साधें चालणें हीच मोठी अडचण होय. पाय टाकावा तों मांडीपर्यंत आंत रुतावा! त्यावर तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वींच तोड काढली. दोन लांब, अरुंद फळ्या, टोंकाशीं किंचित् वर वळविलेल्या, पायांना बांधावयाच्या आणि घसरत चालावयाचें. या फळ्यांना स्की म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘चिरलेलें लांकूड’ एवढाच. सर्पण आणावयास, शिकारीस, शेजारच्या गांवीं लग्नाला, सर्वत्र याच वाहनावरून जावयाचें. खेळ मागाहून आला. टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेदाल गांवच्या सोंद्रे नोरहाइम नांवाच्या गरीब मनुष्यानें लवचिक फांद्या पिळून टांचेभोंवतीं पक्कें बंधन घेण्याची रीत रूढ केली. त्यामुळें उडी मारली तरी फळी पायांतून निसटेना, व उतारावर हवें तसें वळणेंहि साधूं लागलें. १८६८ सालीं तो राजधानींत येऊन आपली करामत दाखवून गेला, तेव्हां त्यानें चाळिशी ओलांडलेली होती. शहरी मंडळी थक्क झाली, आणि खेड्यांतील निकडीचें रूपांतर शहरांतील शर्यतींत होऊं लागलें.

प्रथम या शर्यती हुसेबी येथें होत. परंतु ती जागा सखल. बर्फ वेळीं-अवेळीं वितळे आणि जमलेली मंडळी निराश होऊन परत जात. म्हणून स्कीच्या प्रसारार्थ १८८३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें अधिक उंचावरील होल्मेनकोलनची जागा पसंत केली, व ३१ जानेवारी १८९२ रोजीं तेथें पहिली उडी झाली. त्या वेळीं मनोरा नव्हता कीं पोलाद नव्हतें. उतारावर फांद्या रचून त्यावर बर्फ चोपून ओटा केलेला, एवढाच काय तो थाट. सर्वांत लांब उडी आर्ने उस्तवेत याची भरली, ती २१.५ मीटर, म्हणजे सत्तर फूट. दहा-बारा हजार लोक ती पाहावयास जमले होते. १८९८ पासून शहरांतून विजेची आगगाडी टेकडीकडे जाऊं लागली, तेव्हां तर गर्दीला पारावार राहिला नाहीं. मार्च महिन्यांतील तो रविवार म्हणजे जणूं राष्ट्रीय सणच झाला. आपल्याकडील एखाद्या मोठ्या जत्रेप्रमाणें आबालवृद्ध शिदोरी बांधून निघतात. फरक एवढाच कीं जत्रेंत घाम पुसावा लागतो आणि येथें नाक.

उडी म्हटली म्हणजे मनुष्य वर उसळतो असें वाटतें. येथें तसें नाहीं. ज्या ओट्यावरून उडी घ्यावयाची तो ओटाच खालच्या बाजूस उतरता असतो. खेळाडू मनोऱ्यावरून बसक्या स्थितींत घसरत येतो, ओट्यापाशीं त्याचा वेग ताशीं नव्वद किलोमीटरांच्या आसपास असतो, आणि नेमक्या क्षणीं तो शरीर ताठ करून वाऱ्यावर पुढें झोंकून देतो. खालचा उतार त्याच्या मार्गाला जुळेल अशा बेतानें घडविलेला असल्यामुळें तो जमिनीपासून चार-सहा मीटरांहून फारसा वर नसतो. तो पडतो, पण उतारहि त्याच्याबरोबर खालीं खालीं जात असतो. म्हणूनच इतक्या वेगानें टेकूनहि हाडें शाबूत राहतात. केवळ लांबी मोजून भागत नाहीं. पांच परीक्षक ढबीचे गुण देतात, त्यांतील सर्वांत वरचा व सर्वांत खालचा वगळतात आणि उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. ही युक्ति परीक्षांच्या मंडळांनीं विचार करण्यासारखी आहे!

परीक्षक म्हटले कीं रूढि आली. पूर्वीं हवेंत दोन्ही फळ्या समांतर ठेवणें हीच शुद्ध ढब मानीत. १९८० नंतरच्या दशकांत यान बोक्लेव्ह नांवाचा स्वीडिश तरुण फळ्यांचीं पुढचीं टोंकें फांकवून उडूं लागला. परीक्षकांनीं त्याला वेडावांकडा ठरवून गुण कापले. पण फांकलेल्या फळ्यांवर वारा अधिक तोलला जातो, हें निसर्गाचें गणित परीक्षकांना कसें कापतां येणार? कमी गुण मिळूनहि तो इतका लांब जाई कीं १९८८-८९ च्या हंगामांत जागतिक चषक त्यानेंच जिंकला. थोड्याच वर्षांत सगळे जण त्याच्यासारखे उडूं लागले.

टेकडीच्या इतिहासांतील सर्वांत मोठा मान ज्यांत एकहि उडी झाली नाहीं अशा वर्षांना दिला पाहिजे. १९४० च्या एप्रिलमध्यें जर्मनीनें नॉर्वे व्यापला, आणि त्याच वर्षीं नव्या सत्तेनें खेळांच्या संस्था आपल्या ताब्यांत घेतल्या. तेव्हां खेळाडूंनीं त्या सत्तेच्या सामन्यांत उतरावयाचेंच नाहीं असा निश्चय केला. खेळाडूचें तारुण्य तें किती! त्यांतलीं पांच वर्षें त्यांनीं हातचीं सोडलीं. १९४१ ते १९४५ पर्यंत होल्मेनकोलनवर शर्यत झाली नाहीं. कोंग्सबर्ग गांवचा बिर्गर रूड १९३२ व १९३६ अशा दोन ऑलिंपिकांत उडीचें सुवर्णपदक मिळविलेला. त्यानें शत्रूशीं सहकार्य तर केलें नाहींच, उलट चोरून सामने भरविले. त्यापायीं तो ओस्लोजवळच्या ग्रीनीच्या छावणींत बंदिवान झाला. युद्ध संपलें, आणि १९४८ सालीं सेंट मॉरिट्स येथील ऑलिंपिकास तो शिक्षक म्हणून गेला. हवामान बिघडलेलें पाहून ऐन वेळीं स्वतःच उतरला व छत्तिसाव्या वर्षीं रौप्यपदक घेऊन आला. १९४६ सालीं होल्मेनकोलन पुन्हां गजबजलें, आणि १९५२ च्या ऑलिंपिकांत तेथील उडी पाहावयास एक लाखाहून अधिक लोक जमले. सुवर्णपदक घरच्याच आर्नफिन बर्गमन यानें जिंकलें.

राजघराणेंहि या टेकडीपासून दूर राहिलें नाहीं. युवराज ओलाव यानें १९२२ व १९२३ सालीं तेथें स्वतः उडी घेतली. तो पुढें राजा झाला. १९७३ च्या डिसेंबरांत तेलाच्या टंचाईमुळें सुटीच्या दिवशीं मोटारी चालविण्यास बंदी होती, तेव्हां म्हाताऱ्या राजानें आपल्या स्की घेऊन होल्मेनकोलनची गाडी पकडली आणि सर्वांप्रमाणें तिकिटाचे पैसे पुढें केले. त्या प्रसंगाचें छायाचित्र नॉर्वेंत घरोघर ओळखीचें आहे.

परंतु याच टेकडीवर अर्ध्या प्रजेला बराच काळ मज्जाव होता. योहाना कोल्स्ता नांवाची मुलगी १९३० नंतरच्या वर्षांत उत्तम उड्या मारीत असे; १९३८ सालीं अमेरिकेंत ती ७२ मीटर उडाली. तरी स्पर्धेंत तिला जागा नव्हती, केवळ देखावा म्हणून उडावयाचें. स्त्रीच्या शरीराला ही आदळआपट सोसणार नाहीं, असें कारण पुढें करीत. बाळंतपण सोसणाऱ्या शरीराविषयीं हा निर्णय देणारे सर्व पुरुषच होते, हें सांगावयास नकोच. जुना मनोरा २००८ सालीं पाडला गेला व २०१० सालीं जमिनीपासून सुमारें ६० मीटर उंचीचा नवा पोलादी मनोरा तयार झाला. पहिली उडी कोणी घ्यावी, यासाठीं लोकांचीं मतें मागविलीं. त्यांनीं निवडली आनेत सागेन, जी स्त्रियांच्या हक्कासाठीं वर्षानुवर्षें भांडली होती. दुर्दैव असें कीं आदल्या रात्रींच एका पुरुष खेळाडूनें चांचणीच्या निमित्तानें उडी घेऊन टाकली व मोठा गहजब झाला. तरी समारंभाची उडी दुसऱ्या दिवशीं तिनेंच मारली. ऑलिंपिकांत स्त्रियांच्या उडीला प्रवेश मिळाला तो २०१४ सालीं. या नव्या मनोऱ्यावरील १४४ मीटरांची उडी रॉबर्ट योहानसन यानें २०१९ सालीं मारली. उस्तवेतच्या उडीच्या जवळजवळ सातपट.

उडी डोळ्यांत भरते म्हणून तिचें कौतुक. पण जाणत्या ओस्लोकरास विचाराल तर तो मागच्या अरण्याकडे बोट दाखवील. तेथें पन्नास किलोमीटरांची, म्हणजे एकतीस मैलांची शर्यत होते. चढ, उतार, पुन्हां चढ, दोन तासांहून अधिक वेळ! शर्यतीच्या आदल्या रात्रीं लोक झाडींत तंबू ठोकतात, शेकोट्या पेटवितात, आणि पहिल्याइतक्याच आरोळ्या शेवटून येणाऱ्यालाहि देतात. पुरुषांची ही शर्यत येथें १८९८ पासून आहे. स्त्रियांना १९५२ च्या ऑलिंपिकांत याच वाटांवर प्रथम दहा किलोमीटर धांवूं दिलें, तेव्हां फिनलंडची लिदिया विदेमान पहिली आली. पुढें त्यांच्यासाठीं तीस किलोमीटर झाले. २०२३ च्या मार्चमध्यें त्या प्रथमच पूर्ण पन्नास किलोमीटर धांवल्या, आणि रागनहिल्द हागा ही नॉर्वेचीच स्त्री सर्वांच्या पुढें होती.