हुशार लेकरू सगळ्यांच्या वर्गात मागं पडतं का?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की पोरांच्या शाळेचा विषय निघतोच. जिची ऐपत झाली ती म्हणते, "आमचा बाळ्या हुशार आहे. मजुरांच्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांत बसला तर मागं पडेल." मग सकाळी दारात इंग्रजी शाळेची गाडी येते. ही भीती कितपत खरी, ते आज बघू.

दिल्लीत २००७ पासून अनेक मोठ्या खासगी शाळांना गरीब घरची मुलं बिनफीची घ्यावी लागली. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी त्या वर्गांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब मुलं शेजारी बसली म्हणून श्रीमंतांचं हिंदी किंवा गणित घसरलं नव्हतं. इंग्रजीचे गुण थोडे उतरलेले दिसले, तेही सांगायला हवं. पण ही मुलं दुसऱ्याला द्यायला अधिक राजी होती, आणि शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी टाळत होती.

म्हणजे शेजारी कोण बसलंय, यानं हुशार पोराचं फारसं अडत नाही. अडतं ते काम न मिळाल्यानं. त्याची गणितं दहा मिनिटांत होतात. मग त्याला काय मिळतं? फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचं काम! नाहीतर दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणं. दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपलंही पक्कं होतं, हे खरं. पण रोज तेवढंच असेल तर पोर कंटाळणारच.

यावर एक साधी रीत आहे. सगळ्या वर्गाला एकच प्रश्न द्यायचा: ४८ लाडू आहेत, प्रत्येक डब्यात सारखेच भरायचे, तर किती तऱ्हांनी भरता येतील? कुणी चिंचोके मांडून दोन-तीन तऱ्हा शोधेल. कुणी दहाच्या दहा काढेल. त्याला पुढं विचारायचं, ४७ लाडवांच्या दोनच तऱ्हा का होतात? प्रश्न एकच, आणि तिथं घरची ऐपत आडवी येत नाही.

एकाच गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतील तर हे जड जातं, मान्य. म्हणूनच तुम्ही बोलायला हवं. शिक्षण हक्क कायद्यानं जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. खिचडी आणि शौचालयाचं विचारताच, आता हेही विचारा, "लवकर आटोपलेल्या पोरांना पुढचं काय देता? शिष्यवृत्तीची, नवोदयची तयारी सगळ्यांसाठी खुली आहे, की ठरावीक घरांसाठीच?"

आज रात्री मात्र ४७ शेंगदाणे घेऊन पोरांना बसवा. कुणाला काय सापडतं, ते पुढच्या बैठकीत सांगा.