कोरड्या डोंगरावरचा साग



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून वनांच्या सगळ्याच प्रश्नांचा आढावा घ्यायची प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. रोपवाटिकेत आपण जे बी पेरतो ते कोणत्या झाडांचे असते, आणि त्या झाडांचा वंश येणाऱ्या हवामानात टिकेल का?

सागाचे लागवडीपासून तोडीपर्यंतचे आवर्तन साठ ते ऐंशी वर्षांचे. येत्या पावसाळ्यात लावलेले रोप या शतकाच्या शेवटच्या दशकांतले उन्हाळे सोसणार आहे. चंद्रपुरात पारा आजच 47 अंशांपर्यंत जातो. पाखरू उडून जाईल, गवा दरी ओलांडेल. झाडाला जागा सोडता येत नाही. बदलतो तो त्याचा वंश, आणि त्याला वाटा दोनच. एक तर परागकण किंवा बी दुसऱ्या रानातून यावे, नाहीतर तिथेच उगवलेल्या असंख्य रोपांतली नव्या हवामानाला जुळणारी तेवढी तगावीत.

अवर्षणात साग पाने लवकर गाळतो, ती त्या एका झाडाची तडजोड असते. एरवी अशी तडजोड बियांत उतरत नाही. मात्र नॉर्वेत स्प्रूसच्या अभ्यासात थक्क करणारी गोष्ट दिसली. बी भरत असताना हवा उबदार असेल, तर त्या बियांची रोपे हिवाळ्यापूर्वीची वाढ उशिरा थांबवतात. आईने अनुभवलेल्या ऋतूची नोंद पिल्लांत उतरते. सागात असे काही घडते का, हे शोधण्यासारखे आहे. पण त्याच्या भरवशावर बसून राहता येणार नाही.

खरा आशेचा पुरावा फ्रान्सच्या ओकांनी दिला. तिथल्या तीन जुन्या जंगलांत साधारण 1680, 1850 आणि 1960 च्या सुमारास रुजलेल्या ओकांच्या जनुकांची तुलना झाली. पहिली पिढी युरोपातल्या कडक थंडीच्या काळातली, नंतरच्या दोन उबदार होत गेलेल्या काळातल्या. इतक्या थोड्या पिढ्यांत जनुकांचे प्रमाण सरकलेले दिसले, आणि हवामानाची दिशा बदलली तशी त्या सरकण्याचीही दिशा बदलली. शेकडो वर्षे जगणारे झाड इतक्या लवकर वळण घेते, हे आपल्यापैकी अनेकांना पटले नसते.

हे घडले कशामुळे? त्या जंगलांत नवी पिढी बियांतून, आपोआप येते. एका हेक्टरात लाखांच्या घरात रोपे उगवतात आणि शेवटी शे-सव्वाशे झाडे उरतात. बाकी सगळी मरतात. निवड होते ती त्या मरण्यात. आता आपले रोपवन पाहा. दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने हेक्टरी 2,500 रोपे, तीही गादीवाफ्यावर रोज पाणी घालून वाढवलेली. एकही मरू नये म्हणून आपण झटतो आणि जिवंत रोपांच्या टक्केवारीवर आपले काम मोजले जाते. ती मेहनत मी कमी लेखत नाही. पण निसर्ग जी चाळणी लाखांवर लावतो, ती आपण अडीच हजारांवरही लागू देत नाही. म्हणून सुरुवातीला बी निवडताना झालेली चूक पुढे दुरुस्त होण्याची संधीच उरत नाही.

कॉपिसच्या रानांचेही असेच. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला फुटवे येतात, जोमाने वाढतात, रान पुन्हा उभे राहते. पण फुटवा म्हणजे तेच जुने झाड. जनुकांची नवी जुळणी त्यात होत नाही. आवर्तनामागून आवर्तन फुटव्यांवर काढलेले रान जुन्याच हवामानाचा वारसा घेऊन उभे असते. माझ्या मते आपल्या कार्य आयोजनांत या मुद्द्याला अजून जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायलाच हवी.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने बी निवडण्याच्या या प्रश्नावर काय केले ते सांगतो. तिथे 1974 मध्ये लॉजपोल पाइनचे 140 ठिकाणांहून आणलेले बी साठ ठिकाणी लावून पाहण्यात आले. हेतू साधा होता, कुठले बी जास्त लाकूड देते ते पाहणे. काही दशकांनी हीच लागवड हवामानबदलाची प्रयोगशाळा ठरली. प्रत्येक ठिकाणच्या बियाण्याला मानवणारे तापमान वेगळे होते. त्यापलीकडे गेले की वाढ खुंटत होती. मधल्या काळात हिवाळे सौम्य झाले, खोडकिड्याच्या अळ्या गारठ्याने मरेनाशा झाल्या आणि लाखो हेक्टरांवरचा पाइन वाळला. पुन्हा लावायचे तर बी कुठले, हा प्रश्न दारात उभा राहिला. 2018 पासून तिथे बियाण्याची निवड भूगोलाऐवजी हवामान जुळवून करण्याचे मानक लागू होऊ लागले. ‘स्थानिक बी तेच उत्तम’ हा वनशास्त्रातला जुना दंडक त्यांनी अभ्यासपूर्वक सैल केला. सत्तरच्या दशकात कुणी तरी नीट नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून हे जमले.

आणि आपण तर सागाच्या माहेरी बसलो आहोत. साग मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा. त्यांत भारतातल्या सागात जनुकीय विविधता सर्वाधिक आढळली आहे. केरळात नीलांबूरला 1840 च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली, तेव्हापासून आपण त्याला ओळखतो ते लाकूड म्हणून. मातृवृक्ष निवडताना सरळ खोड पाहिले, घेर पाहिला, उंची पाहिली. दुष्काळ सोसण्याची ताकद कुणी पाहिली नाही, कारण तेव्हा तशी गरज भासली नव्हती.

गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग आपला अभिमान आहे. पण यावलच्या सातपुड्यात, बुलढाण्याच्या डोंगरांवर बुटका, वाकडा, गाठाळ साग उभा आहे. त्याचे बी कुणी मागत नाही. तो वाकडा का आहे? काही अंशी मातीमुळे, वणव्यामुळे, चराईमुळे. काही अंशी कदाचित शतकानुशतके कोरड्या उन्हात झालेल्या निवडीमुळे. यातले किती जनुकांतले आणि किती परिस्थितीचे, हे सगळे बी एकाच शेतात शेजारी शेजारी वाढवल्याशिवाय कळणार नाही. उद्याच्या आलापल्लीला लागणारे गुण आज त्या हिणवलेल्या रानांत असू शकतात, आणि तीच रानं जळणासाठी व अतिक्रमणासाठी सर्वांत आधी जातात. याचे मला फार वाईट वाटते.

उद्यापासून सातपुड्याचे बी गडचिरोलीत ओता, असे मी म्हणत नाही. लांबचे बी फुलोऱ्याची वेळ चुकवू शकते, आणि मधमाश्यांवर व परपरागीकरणावर अवलंबून असलेल्या सागात वेळ चुकली की फळच धरत नाही. मुख्य बी जवळचेच ठेवा, त्यात थोडे अधिक कोरड्या, अधिक उष्ण भागातले मिसळा आणि ते ओळीनिशी वेगळे ओळखू येईल असे लावा. प्रत्येक वनविभागात एखादे जुने, बियांतून आलेले सागरान तोडीतून आणि वणव्यातून वगळा, तिथली रोपे आपोआप जगू द्या, आपोआप मरू द्या. संशोधन संस्थांनी राज्यभरच्या सागाची तुलनात्मक लागवड पुन्हा हाती घ्यावी. त्यासाठी निधी मागणारा ठराव या परिषदेने आजच करावा, अशी माझी विनंती आहे.

वनरक्षक आणि वनपाल बंधू-भगिनींना माझे मागणे याहून लहान आहे. हिवाळ्यात सागाचे बी गोळा होईल. ते रस्त्याकडेच्या चार झाडांखालून न झाडता एकमेकांपासून दूर असलेल्या पुष्कळ झाडांखालचे घ्या. आणि प्रत्येक पोत्यावर नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक, किती झाडांचे बी, आणि वर्ष, एवढे चार तपशील पक्क्या शाईने लिहा. ते पोते रोपवाटिकेत पोचले की हीच नोंद वाफ्याच्या पाटीवर आणि पुढे रोपवनाच्या नोंदवहीत चढली पाहिजे.