लॉपसाइडेड : भार कुठे साचला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

क्रिकेटचं समालोचन असो की अंदाजपत्रकावरची चर्चा, 'लॉपसाइडेड' हा इंग्रजी शब्द आपल्या कानावर नेहमी पडतो. शब्दकोश अर्थ देतो : एका बाजूला कललेला, असमतोल. अर्थ बरोबर आहे. पण शब्दाचं मूळ पाहिलं की तो अधिक उलगडतो.

इंग्रजीत 'लॉप' अशी दोन क्रियापदं आहेत. एकाचा अर्थ फांद्या छाटणं, दुसऱ्याचा सैल लोंबणं. कान खाली पडलेल्या सशाला 'लॉप-इअर्ड' म्हणतात, ते या दुसऱ्यावरून. आपला शब्दही त्याचाच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रथम जहाजांसाठी आला. ज्या जहाजाची एक बाजू जड, ते लॉपसाइडेड. म्हणजे दोष आकाराचा नाही, भाराच्या वाटणीचा.

खानदेशात समुद्र नाही, पण बैलगाडी आहे. मागे ओझं जास्त झालं की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचललं जातं. अशा वेळी गाडीवान गाडी रिकामी करत नाही. ओझं पुढे सरकवतो. तराजूची पारडी सारखी नसली, तर हलक्या बाजूला जे वजन बांधतात ते 'पासंग'. शब्द फारसीतला, 'संग' म्हणजे दगड. 'पासंगालाही पुरणार नाही' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला.

आता एक हिशेब पाहू. सोन्याच्या चोख तोलासाठी नावाजलेल्या जळगावच्या जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२. राज्याचा आकडाही ९१३ वरून ८९४ वर आला. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. तेवढा कल निसर्गाचा. त्याखालची तूट बहुतांशी माणसाच्या हातची. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, तरीही हे घडलं.

२००१ मध्ये मोजलेले ते मुलगे आज लग्नाच्या वयाचे आहेत. 'मुली मिळत नाहीत' अशी तक्रार आता घरोघरी ऐकू येते. मिळतील कशा? आपणच त्यांना येऊ दिलं नाही. आणि मुलगी हवी ती सून मिळावी म्हणून, असं म्हटलं तर पारडं पुन्हा कललंच.

मुलींसाठीच्या योजना चांगल्या आहेत, पण त्या पासंगासारख्या. भार साचला आहे तो दुसरीकडे : म्हातारपणाचा आधार मुलगाच, शेताला वारस मुलगाच, हुंड्याचा खर्च मुलीच्याच नावावर. सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागलं, आईवडिलांनी तिच्या घरी हक्कानं राहण्यात कमीपणा मानला नाही, तर ओझं जागचं हलेल. गाडीवानाला जे कळतं, ते आपल्याला कळायला हरकत नाही.