उत्तरेकडची रानवाट

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण कॅनडातल्या ज्या रानवाटेने मी जाऊन आले तिची हकीगत सांगा, असा आपण आग्रह केलात, म्हणून उभी आहे.

माझा धाकटा भाऊ मॉन्ट्रियलला असतो. गाडी तो आणि भावजय आलटूनपालटून चालवीत. सामानाचा हिशेब माझ्याकडे. क्वेबेक प्रांतात मातागामीपासून उत्तरेस रॅडिसनपर्यंत ६२० किलोमीटर रस्ता जातो. सहाव्या किलोमीटरलाच चौकीत नावे नोंदवायची, म्हणजे कोणी अडकले तर शोध घेता येतो. पेट्रोल मिळते ते थेट ३८१ व्या किलोमीटरला. पुढे ५४४ व्या किलोमीटरला पूर्वेकडे ट्रान्स-टायगा रस्ता फुटतो. तो ६६६ किलोमीटर, सगळा खडीचा, आणि त्यावर गाव एकही नाही. शेवटी कानियापिस्काउ जलाशयापाशी वाटच संपते. आल्या वाटेने परतायचे.

दोन जादा चाके, पेट्रोलचे डबे, पाणी, कोरडा शिधा, औषधे हे सारे बरोबर हवे. खडी टोकदार, टायर फाटते. समोरून ट्रक आला की धुळीत काही दिसत नाही. गाडी कडेला घेऊन दिवे लावायचे. डास आणि काळ्या माश्या इतक्या, की तोंडावर जाळी घेतल्याशिवाय खाली उतरवत नाही. मोबाइल लागत नाही. घरात मीठ संपले तर आपण शेजारणीकडे वाटी धाडतो. तेथे शेजारीणच नाही!

झाडे सुरूसारखी सरळ, काळ्या स्प्रूसची. उत्तरेकडे जावे तशी खुजी होत जातात. जमिनीवर पांढरट थर दिसतो, तो आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचा. कॅरिबू हरणे त्यावर हिवाळा काढतात.

भगिनींनो, आम्ही त्या रानाला निर्जन म्हणत होतो. पण कोणता टापू कोणत्या घराच्या शिकारीचा, हे तिथल्या क्री लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९७१ साली ला ग्रांद नदीवर विजेसाठी धरणे बांधायचे ठरले, त्यासाठी हे रस्ते झाले. क्रींना कोणी विचारले नाही. ते कोर्टात गेले. १९७३ साली काम थांबविण्याचा हुकूम मिळाला, तो वरच्या कोर्टाने आठवड्यात उठविला. अखेर १९७५ साली करार झाला. त्यावर सही करणारे क्री पुढारी बिली डायमंड यांचे नाव २०२० साली त्या ६२० किलोमीटरच्या रस्त्याला दिले.

धरणांमुळे नदीच्या मुखाजवळचे फोर्ट जॉर्ज बेट खचेल, या भीतीने तेथले गाव १९८० च्या सुमारास उठले आणि काठावर चिसासिबी वसले. कित्येक घरे तर जशीच्या तशी हलविली. पण घर हलविले म्हणून अंगण, विहीर, शेजार बरोबर येतो का? कोयनाकाठच्या बायकांना हे सांगावे लागणार नाही.

विजेचे बटण दाबताना एवढे मनात असावे, की हा उजेड कोणाच्या तरी अंगणातून आला आहे. त्या वाटेने मला हेच शिकविले.