हलू नका

माझे अब्बा फोटोग्राफर होते. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, शाळांचे ग्रूप फोटो, नोकरीच्या अर्जाला लावायचे फोटो, सगळं करायचे. ‘हलू नका’ हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा मी कवितेची एखादी ओळही गुणगुणलो नसेन. आज त्यांची आठवण निघायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात राहतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे त्याच्याकडे होतो. नोकरी संगणकाची, पण आजोबांचं रक्त कुठं जाणार? सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन डोंगराकडे पळतो आणि ज्याला ‘हलू नका’ म्हणण्यात काही अर्थच नाही, अशा जिवाचे फोटो काढतो. हमिंगबर्डचे.

हा पक्षी आपल्याकडे नाही. जास्वंदीला लोंबकळणारा जांभळा चिमुकला पक्षी दाखवून ‘तो बघा हमिंगबर्ड’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो आपला शिंजीर. त्याचा मान त्यालाच द्यावा. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत, अलास्कापासून पार दक्षिणेच्या टोकापर्यंत. टूसॉनच्या दक्षिणेला माडेरा कॅन्यन नावाची दरी आहे. तिथं उन्हाळ्याच्या अखेरीला त्यांच्या अनेक जाती एकाच परसात दिसतात. वजन जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन रुपयांच्या नाण्याहून कमी. पंख सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा हलतात. डोळ्यांना पंख दिसतच नाहीत. अंगाच्या दोन्ही बाजूंना धुकं दिसतं, आणि कानाशी भुंगा फिरावा तसा आवाज येतो. (जाता जाता सांगतो, त्या वाळवंटातही जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडतो आणि तिथले लोक त्याला ‘मान्सून’च म्हणतात. अरबी ‘मौसिम’ केवढा प्रवास करून तिथं पोचला!)

आता असा पंख फोटोत थांबवायचा कसा? मला वाटलं होतं, कॅमेऱ्याचं झाकण झटकन उघडून मिटवायचं, झालं. भाच्यानं हसून मान हलवली. झाकण कितीही चपळ असलं तरी सूर्याचा उजेड अखंड वाहत असतो, आणि तेवढ्यातही पंख सरकतो, पुसट होतो. म्हणून युक्ती अशी की कॅमेऱ्याला दिवस दिसूच द्यायचा नाही. जागा सावलीतली निवडायची, भिंगाचं छिद्र बारीक करायचं, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर ठेवायचं. असा फोटो फ्लॅशविना काढला तर भर दुपारी काळाकुट्ट यायला हवा. तसा आला की समजायचं, तयारी झाली. मग उजेड फक्त फ्लॅशचा. शटर उघडं असलं तरी अंधारच आहे, त्यामुळे फ्लॅश जेवढा वेळ लखलखेल तेवढाच क्षण फोटोत उतरतो.

आणि इथं एक गंमत आहे. फ्लॅश पूर्ण ताकदीनं उडवला तर तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका पेटतो. हमिंगबर्डसाठी हा फार मोठा काळ झाला. ताकद सोळाव्या हिश्शावर आणली की पेटण्याचा काळ दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. म्हणजे दिवा जितका दुबळा तितका तो चपळ. पण दुबळ्या दिव्याचा उजेड पुरत नाही, म्हणून चार-पाच फ्लॅश पक्ष्याच्या अगदी जवळ लावायचे. त्यातला एक मागच्या पाटीसाठी, नाहीतर पाठीमागे रात्र दिसते. होय, पाटी! फोटोत जी हिरवी झाडी दिसते, ती भाच्यानं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र असते. फुलात साखरपाणीही ड्रॉपरनं सोडलेलं. चार भाग पाणी, एक भाग साखर. रंग नाही, मध नाही.

हे तंत्र भाच्याच्या पिढीचं नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.मध्ये हॅरॉल्ड एजर्टन नावाचे प्राध्यापक होते. १९३० च्या दशकात त्यांनी विजेचा फ्लॅश असा सुधारला की उडती गोळी आणि पडता दुधाचा थेंबही त्यापुढे थबकले. हमिंगबर्डही त्यांनी टिपले. ते फोटो ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या ऑगस्ट १९४७ च्या अंकात आले, आपल्याकडे त्या महिन्यात काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. पुढे ड्यू पाँट या प्रचंड रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांना या पक्ष्यांनी वेड लावलं आणि १९६० मध्ये त्यांनी आपल्या फोटोंचं मोठं पुस्तक काढलं. कारखाने सांभाळून माणूस साखरपाण्यापाशी ताटकळत बसायचा, याचं मला फार कौतुक वाटतं.

आम्हीही बसलो. चोच लाल, गळा निळा असा एक नर आला आणि फुलापुढे हवेत उभा राहिला. क्लिक. पडद्यावर पाहतो तर पंखाचं एकेक पीस मोजता येईल! निळा गळा पेटलेला. त्या गळ्यात निळा रंगकण नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो म्हणून तो निळा. उजेडाचा कोन चुकला की तोच गळा काळा.

मी म्हटलं, “सुंदर आहे. पण हे खरं आहे का रे? झाड पुठ्ठ्याचं, दिवसाची रात्र केलेली, आणि असा पंख तर कुणी पाहिलेलाच नाही.”

“पंख खरा आहे, मामू. तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लखलखाटाचा त्रास होत असेल का, हेही विचारलं. तो पक्षी दर काही मिनिटांनी परत येत होता, एवढं मी पाहिलं. अर्ध्या तासानं भाच्यानं सगळं सामान आवरलं. घरट्यापाशी फ्लॅश न्यायचा नाही, हा त्याचा नियम.

आवरण्याआधी त्यानं कॅमेरा माझ्या हाती दिला. “मामू, हिलो नको!” मी हललो. अंगठा कुठल्याशा चाकाला लागला, शटर पंधराव्या भागावर गेलं आणि सावलीतला दिवस फोटोत शिरला. फ्लॅशनं थांबवलेला पंख तर आला, पण त्याच्याभोवती फिरत्या पंख्यासारखं धुकंही आलं. या धंद्यात त्याला ‘भूत’ म्हणतात. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाचा सहाशे फोटोंतून चार निवडत होता. माझ्या फोटोवर येताच त्याचं बोट खोडायच्या बटणाकडे गेलं.

“तो राहू दे,” मी म्हणालो.

अब्बांनी अर्ध्या तालुक्याचे फोटो काढले, पण अम्मीचा एकच. खिडकीच्या उजेडात तिला खुर्चीवर बसवलं होतं आणि नेमकं चुलीवरचं दूध उतू जायला लागलं. फोटोत मांडीवरच्या हातातल्या बांगड्या स्वच्छ आहेत, चेहरा वाहून गेलेला. अब्बांनी तो फाडला नाही. पुन्हा बसवायचं राहून गेलं आणि १९७९ मध्ये अम्मी गेली. भाच्यानं आपल्या नानीला पाहिलेलं नाही. मागे त्यानं संगणकावर तो चेहरा नीट करून आपल्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, पाठवला होता. नाक, डोळे, सगळं रेखीव. बहिणीनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ही कोण?”

भाचा काही बोलला नाही. बोट बटणावरून काढलं, माझा फोटो त्या चारांच्या शेजारी ठेवला आणि फ्लॅशचे सेल चार्जिंगला लावायला उठला.